किनाऱ्यावर तंबू टाकताय? आधी भरतीचं गणित

नमस्कार! मित्राबरोबर दोन दिवस किनाऱ्याकिनाऱ्याने चालायचं, रात्री तिथेच तंबू टाकायचा, असा बेत असेल तर सॅक भरण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक काढा. बहुतेक घोळ तिथेच सुरू होतात.

बऱ्याच किनाऱ्यांवर एका भरतीनंतर दुसरी भरती साधारण 12 तास 25 मिनिटांनी येते. म्हणजे आज दुपारी 1 ला असेल, तर उद्या 1.50 च्या सुमाराला. पण पाणी एका वेगाने चढत नाही, आणि फसगत होते ती इथे. समजा, ओहोटी-भरतीत 3 मीटरचा फरक आहे. पहिल्या तासात पाणी जेमतेम 25 सेंटिमीटर चढतं. दुसऱ्यात 50. तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी 75! पहिला तास बघून ‘आहे अजून वेळ’ म्हणणारे तिसऱ्या तासाला कड्याखाली अडकतात. त्यामुळे खडकाळ टोकाला वळसा घालायचा असेल तर पाणी उतरत असतानाच निघा आणि पूर्ण ओहोटी लागेपर्यंत पलीकडे पोहोचा. किती वाजता मागे फिरायचं, हे दोघांनी निघतानाच ठरवा. पाण्याकाठी उभं राहून वाद घालायला वेळ नसतो.

वाळलेल्या शेवाळाची, काटक्यांची ओळ दिसते ना, ती आधीच्या भरतीची खूण. तंबू तिच्या बराच वर हवा, कारण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी तीही ओलांडतं. ओढ्याचं मुखही टाळा.

(कापडी पिशवी दाखवत) वाळूत साधी खुंटी धरत नाही. पिशवीत वाळू भरा, तोंडाला दोरी बांधा, फूटभर खोल पुरा आणि वरची वाळू पायाने नीट दाबा. दोरी तिरपी निघायला हवी. सरळ वर ओढ बसली की पिशवी उपटून येते. दिवसा वारा समुद्राकडून येतो, रात्री बऱ्याचदा जमिनीकडून. म्हणून दोऱ्या चारही बाजूंनी ताणा, फक्त समुद्राकडच्या नाही.

पाणी, लायटर, टॉर्च दोघांच्याही सॅकमध्ये हवं. एक सॅक भिजली तरी रात्र निघते. ओहळ ओलांडताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडा. पाय घसरला तर सॅक झटकन टाकता येते.

आणि घरी आल्यावर तंबूच्या चेनी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. दात्यांत मीठ, वाळू राहिली की पुढच्या वेळी चेन अर्ध्यावरच अडते.