डुकरांनी उकरलेला काठ

इंग्लंडच्या दक्षिणेला, वेस्ट ससेक्समध्ये नेप नावाची जुनी जहागीर आहे. साडेतीन हजार एकर, सगळी चिकणमाती. हिवाळ्यात रबडी, उन्हाळ्यात भेगा. शेती परवडेना, तेव्हा चार्ली बरेल आणि इझाबेला ट्री या मालक जोडप्याने नांगर थांबवला आणि २००४ मध्ये टॅमवर्थ जातीची डुकरं मोकळी सोडली.

ही पाहा. तांबूस केस, लांब नाकाड. ब्रिटनमधली रानडुकरं शतकांपूर्वीच शिकारीत संपली; त्यांचं काम आता यांच्याकडे. आल्या आल्या त्यांनी वाड्याच्या रस्त्याकडेची निगुतीने कापलेली हिरवळ उलथून टाकली. शेतं मात्र सोडली! वर्षानुवर्षं नांगरून, औषधं मारून त्या मातीत खायला उरलं होतंच काय? किडे आणि मुळं टिकली होती ती न नांगरलेल्या पट्ट्यांत.

आता हा उकरलेला ओला भाग बघा. सॅलो हे इथलं पाणथळ जागेतलं झाड, आपल्या ओढ्याकाठच्या वाळुंजाच्या कुळातलं. बी बारीक, कापसासारख्या तंतूंत गुंडाळलेलं, आणि फार दिवस न टिकणारं. गवतावर पडलं की वाया गेलं. उघड्या ओल्या मातीत पडलं तर रुजतं. डुकरांनी त्याला आयता वाफा करून दिला. सॅलो माजली आणि तिच्याच पानांवर ज्याच्या अळ्या वाढतात ते पर्पल एम्परर फुलपाखरू आलं. ब्रिटनमधल्या त्याच्या सर्वांत मोठ्या वसाहतींत आज नेपचं नाव घेतात.

काळ्या पॉप्लरचं दुखणं जुनं. या नदीकाठच्या झाडात नर-मादी वेगळी. मादीचा कापूस घरादारात उडतो, म्हणून लोक नरच लावत आले. त्यात नद्या सरळ केल्या, काठ बांधले; बी पडायला उघडा गाळच राहिला नाही. नेपमधली अडूर नदीही अशीच कालवा झाली होती, तिला पुन्हा वळणं द्यावी लागली. पॉप्लर वाचवायला आज फांद्या रोवतात. रोवाव्यातच. पण फांदीतून उभं राहतं ते जुन्याच झाडाचं जुळं. नवी पिढी हवी तर जवळ मादी हवी, आणि काठ उकरणारं कुणीतरी.

अर्थात, कोवळं रोप डुकरापुढे टिकत नाही. त्याला कुंपण हवं, नाहीतर मनगटाएवढी फांदी खोल रोवायला हवी. आणि डुकरं मोजकीच हवीत. लांडगे नसलेल्या देशात कळप वाढत गेला तर झुडपांसकट काठ खरवडून निघेल. म्हणून नेपमध्ये जास्तीची डुकरं काढून त्यांचं मांस विकलं जातं.