किती जणांनी सांगितलं?

नमस्कार श्रोतेहो. दुकानांच्या मोठ्या साखळ्या दरवर्षी अहवाल काढतात. त्यात एक ओळ हमखास असते: आमच्याकडे इतके दिव्यांग कर्मचारी.

काही वर्षांपूर्वी अशाच एका अहवालाची भाषा तपासायचं काम माझ्याकडे आलं. मसुद्यात आकडा होता तीन. तिघेही गोदामात. फोटोंसाठी एका दुकानात गेलो, तर काउंटरवरच्या ताई माझ्या बोलण्याकडे लक्षच देईनात. मग हसल्या. "साहेब, या बाजूला या. त्या कानाने ऐकू येत नाही." या बाजूच्या कानात, केसांआड, श्रवणयंत्र. म्हटलं, मग तुम्ही त्या तिघांत आहात? "छे! फॉर्मवर खूण केली की गोदामात धाडतात. त्या तिघांचं काय झालं?"

ताईंचं नाव न घेता मी हे वर कळवलं. पुढच्या वर्षी फॉर्म बदलला. वरच ठळक लिहिलं, या माहितीवरून कुणाची जागा बदलणार नाही. खाली विचारलं, काम सोपं व्हायला काय हवं? आकडा तीनाचा झाला अकरा. नवा माणूस एकही घेतला नव्हता, बरं का! अध्यक्षांच्या मनोगतात मात्र 'दिव्यांगांच्या भरतीत भरघोस वाढ'. मी ती ओळ खोडली. तरी छापून आली.

आणि बहुतेकांनी मागितलं काय, तर बसायला स्टूल. बिल करणाऱ्या माणसाला दिवसभर उभं ठेवण्यात कसला आदर आहे, मला कधी कळलेलं नाही. कुणालाच का ठेवायचं?

तर श्रोतेहो, तो आकडा किती जण आहेत याचा नसतो, किती जणांनी सांगितलं याचा असतो. पुन्हा म्हणतो, किती जणांनी सांगितलं.

मोजायची रीतही बघा. जपानमध्ये खासगी कंपन्यांना ठरावीक टक्के दिव्यांग कर्मचारी ठेवण्याची अट आहे; एप्रिल 2024 मध्ये ती 2.5 टक्के झाली. तिथे तीव्र शारीरिक किंवा बौद्धिक अपंगत्व असलेला एक पूर्णवेळ माणूस दोन धरतात, आणि आठवड्याला 20 ते 30 तास काम करणारा साधारणपणे अर्धा. म्हणजे टक्के वेगळे, माणसं वेगळी. भारतात शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने मोठ्या कंपन्यांना लावलेल्या बीआरएसआर या जबाबदारी-अहवालात कायम आणि कायम नसलेले दिव्यांग कर्मचारी वेगळे दाखवावे लागतात. दुकानवाल्यांचा अहवाल हाती आला तर कायम नसलेल्यांचा आकडा आधी वाचा. माल लावणारे, पॅकिंगवाले पुष्कळदा कंत्राटदाराचे असतात.

गोदामातल्या त्या तिघांपैकी एक जण पुढे काउंटरवर आला. अहवालात त्याला जागा नव्हती. तीनात तो होताच, अकरातही होताच.