कान असावेत, हात नसावेत

(पडद्यावर: छतावरचा स्मोक डिटेक्टर, मग त्याचा उघडलेला अंतर्भाग)

१९३० च्या दशकात वॉल्टर येगर नावाचा स्विस भौतिकशास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारं यंत्र बनवायला बसला होता. वायूने यंत्राला काही फरक पडेना. वैतागून त्याने सिगारेट पेटवली आणि मीटरचा काटा हलला. वायूपेक्षा धुराचे कण यंत्राला आधी कळले होते.

त्या तत्त्वावरचे आयोनायझेशन डिटेक्टर आजही आहेत. आत अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी धातूचा एक कण असतो. त्याच्या किरणांमुळे हवेतून अगदी बारीक विद्युतप्रवाह वाहतो, धूर आला की तो घटतो. दुसरा प्रकार फोटोइलेक्ट्रिक. काळोख्या कप्प्यात एक एलईडी आणि एक प्रकाशसंवेदक, पण एकमेकांच्या नजरेआड बसवलेले. धूर शिरला की प्रकाश विखुरतो आणि संवेदकापर्यंत पोहोचतो. भडकलेल्या ज्वाळा पहिल्याला लवकर कळतात, धुमसणारी गादी किंवा सोफा दुसऱ्याला.

प्रकार कुठलाही असो, धूर ओळखणं, निर्णय घेणं आणि बोंब मारणं ही तिन्ही कामं त्याच एका डबीत उरकतात. तीन मीटरवर सुमारे ८५ डेसिबल आवाज, आणि त्यासाठी ना वाय-फाय लागतं, ना सर्व्हर, ना मोबाइल. होम ऑटोमेशनशी, म्हणजे घरातले दिवे-पंखे आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेशी, डिटेक्टर जोडायचा असेल, तर या स्वयंपूर्णतेला धक्का लागता कामा नये. ऑटोमेशनने डिटेक्टरचं फक्त ऐकावं. त्याच्या कामात हात घालू नये.

(पडद्यावर: सोल्डरिंग आयर्न, बझरला जोडलेल्या दोन वायरी)

हौशी मंडळींचा हात मात्र आधी इथेच जातो. डबी उघडायची, बझरच्या (आवाज करणाऱ्या भागाच्या) टोकांना दोन वायरी सोल्डर करायच्या आणि त्या थेट मायक्रोकंट्रोलरमध्ये, म्हणजे ऑटोमेशन चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपमध्ये, घालायच्या. टेबलावर हे चालतंही, म्हणून तर ते फसवं आहे. वाढीव लोडमुळे बॅटरी लवकर उतरू शकते, बझरचा आवाज घटू शकतो, आणि ज्या चाचण्यांवर त्या डबीला प्रमाणपत्र मिळालं होतं त्यांना काही अर्थ उरत नाही. डिटेक्टर घरच्या विजेवर चालणारा असेल, तर प्रकरण जिवावरचं आहे. अशा अनेक मॉडेल्समध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे आतलं सर्किट मेन्सपासून (घरच्या विजेपासून) विलग नसतं. ज्याला आपण ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टेजची बाजू, समजतो, तिथे प्रत्यक्षात मेन्सचा दाब असू शकतो. कंट्रोलर जळेल ते सोडा, त्याला जोडलेल्या लॅपटॉपवर तुमचा हात असेल.

विजेवरच्या डिटेक्टरांमध्ये बहुधा आणखी एक वायर असते, इंटरकनेक्टची. एक वाजला की या वायरवरून बाकीचे वाजतात. संदेश टिपायला हीच जागा सोयीची वाटते. पण तुमच्या सर्किटने या वायरचं व्होल्टेज शून्याकडे ओढून धरलं, तर एका खोलीतल्या आगीचा इशारा दुसऱ्या खोलीतल्या झोपलेल्या माणसापर्यंत पोहोचणारच नाही. शिवाय या वायरवरचा सिग्नल सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो.

म्हणून त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलसाठी बनवलेलं रिले मॉड्यूल घ्यावं आणि मेन्सची जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी. मॉड्यूल इंटरकनेक्टवर लक्ष ठेवतं आणि आपल्याला देतं एक ड्राय कॉन्टॅक्ट, म्हणजे स्वतःचं व्होल्टेज नसलेला साधा स्विच. मेन्स एका बाजूला, कंट्रोलर दुसऱ्या. काही मॉड्यूल वीज गेल्यावर काम करत नाहीत, ते माहितीपत्रकात आधी पाहून घ्या.

(पडद्यावर: स्विच, रेझिस्टर आणि कंट्रोलरची आकृती)

आता प्रश्न वायर तुटण्याचा. कॉन्टॅक्ट एरवी उघडा (प्रवाह तोडलेला) आणि अलार्मला बंद होणारा (प्रवाह जोडणारा) असेल, तर तुटलेली वायर कंट्रोलरला ‘सगळं ठीक’ अशीच दिसते, कितीही वर्षं. उलटा कॉन्टॅक्ट घेतला, तर वायर तुटल्यावर आगीचा संदेश जातो, आणि असे दोन-तीन खोटे संदेश आले की घरातलं कुणी तरी ते बंदच करून टाकतं. फायर पॅनेलवाल्यांनी, म्हणजे आगीच्या अलार्मची नियंत्रण-पेटी बनवणाऱ्यांनी, यावर फार पूर्वी तोड काढली आहे. वायरच्या शेवटच्या टोकाला, उघड्या कॉन्टॅक्टला समांतर, एक रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला ठरावीक रोध करणारा छोटा भाग. ठरलेला रोध दिसला तर सर्व ठीक, शॉर्ट (जवळजवळ शून्य रोध) दिसला तर अलार्म, काहीच दिसलं नाही तर वायर तुटली. काही पैशांच्या त्या भागाने सिस्टीमला ‘मला माहीत नाही’ म्हणता येतं. मला विचाराल, तर सगळ्या जोडणीतला हा सर्वांत मोलाचा भाग.

वायर नकोच असेल, तर झिगबी किंवा झेड-वेव्ह या घरगुती उपकरणांच्या बिनतारी पद्धतींवर बोलणारे डिटेक्टर मिळतात. खरेदी करताना धुराच्या अलार्मचं प्रमाणपत्र पाहावं, उदाहरणार्थ ईएन १४६०४ (युरोपीय मानक) किंवा यूएल २१७ (अमेरिकन मानक). बॅटरी वाचवायला हे बिनतारी डिटेक्टर बहुतेक वेळ झोपलेले असतात आणि अधूनमधून हजेरी लावतात. हजेरी चुकली, तर तो बिघाड समजून सूचना यायला हवी. हब, म्हणजे या उपकरणांचे संदेश गोळा करणारी पेटी, आणि राउटरही यूपीएसवर हवेत.

भाड्याच्या घरात आणखी एक वाट आहे, ती म्हणजे मायक्रोफोन असलेलं ऐकणारं उपकरण. अनेक अलार्म ठरलेल्या लयीत वाजतात. अर्ध्या सेकंदाचे तीन ठोके, मध्ये अर्ध्या सेकंदाची उसंत, मग दीड सेकंद शांतता. डिटेक्टरला बोटही न लावता ही लय ओळखता येते.

संदेश मिळाल्यावर काय करायचं? दिवे लावा, हवा खेळवणारे पंखे बंद करा म्हणजे धूर पसरणार नाही, सगळ्यांच्या फोनवर सूचना धाडा. घराचा मेन स्विच पाडू नका, पळायच्या वेळी अंधार होईल. मोबाइलवरून अलार्म गप्प करायचं बटण तर ठेवूच नका. अलार्म वाजताच दाराचं कुलूप आपोआप उघडण्याचा विचार सावकाश करावा. खोट्या अलार्मने रिकाम्या घराचं दार उघडं पडेल. आतून किल्लीशिवाय फिरणारी साधी मूठ त्याहून बरी.

(पडद्यावर: राउटरचा प्लग उपसणारा हात)

सगळं जोडून झालं की राउटर बंद करा, हब बंद करा, कंट्रोलरची वायर काढा आणि डिटेक्टरचं टेस्ट बटण दाबा. इंटरकनेक्ट असेल, तर प्रत्येक खोलीतला अलार्म वाजला पाहिजे. एकही गप्प राहिला, तर जोडणी चुकली आहे. मग सगळं चालू करून पुन्हा बटण दाबा आणि फोनवर संदेश येतो का ते बघा. काही मॉडेल चाचणीच्या वेळी बाहेर सिग्नल पाठवतच नाहीत, तेव्हा आधी माहितीपत्रक वाचा.

डिटेक्टरच्या मागे उत्पादनाची तारीख छापलेली असते. साधारण १० वर्षांनी तो बदलायचा असतो. नवा आणताना जुनं रिले मॉड्यूल त्याच्याशी जुळतं का हे तपासून घ्या, आणि वरची चाचणी पुन्हा पहिल्यापासून करा.