८७ मायक्रोसेकंदांचा हिशेब

मंडळी, जुन्या पीसीच्या सिरियल पोर्टला सेकंदाला ११५२०० बिटांचा वेग लावणं हे चार ओळींचं काम आहे. कॉम १, म्हणजे पहिल्या सिरियल पोर्टचा पत्ता हेक्समध्ये (सोळाच्या पायात) ३एफ८. पुढचे पत्ते आणि ८०, सी७ सारखे आकडेही हेक्समध्येच. लाइन कंट्रोल रजिस्टर, म्हणजे चिपमधला सेटिंगचा कप्पा, ३एफबी वर. त्यात आधी ८० लिहायचं (म्हणजे पुढचे दोन पत्ते तात्पुरते भाजकाचे होतात), मग ३एफ८ वर १, ३एफ९ वर ०, आणि पुन्हा ३एफबी वर ०३: आठ बिटं, पॅरिटी (तपासणीचं बिट) नाही, एक स्टॉप बिट. १.८४३२ मेगाहर्ट्‌झच्या घड्याळाला १६ ने भागलं की ११५२०० येतात, त्याला आपल्या १ ने भागायचं. १ ऐवजी १२ (दशमान) दिले तर ९६००.

इथवर कुणाचंच अडत नाही. अडतं ते आलेले बाइट उचलताना. स्टार्ट-स्टॉप धरून एका बाइटला १० बिटं, म्हणजे सेकंदाला ११५२० बाइट, दर ८७ मायक्रोसेकंदांनी एक. सिरियल पोर्टच्या जुन्या ८२५० किंवा १६४५० चिपमध्ये आलेला बाइट ठेवायला जागा एकच. पुढचा पूर्ण होण्याआधी तो उचलला नाही, तर गेला. लाइन स्टेटस रजिस्टरमधलं बिट १ ओव्हररन, म्हणजे बाइट असा गेल्याचं, दाखवतं, पण ते वाचायची तसदी किती प्रोग्राम घेतात? बायॉसचा (पीसीच्या अंगभूत सॉफ्टवेअरचा) इंटरप्ट १४ तर विसराच. तो नुसतं पोलिंग करतो, म्हणजे बाइट आला का ते स्वतःच बघत राहतो. आणि स्वतःचा इंटरप्ट हँडलर, म्हणजे चिपने हाक मारताच चालणारा कोड, लिहिला तरी दुसऱ्या कुणी सीएलआय देऊन २०० मायक्रोसेकंद इंटरप्ट बंद ठेवले, की बाइट गळालेच. डिस्कची कामं आणि ईएमएम३८६ सारखे मेमरी मॅनेजर इथे नेहमीचे संशयित.

म्हणून १६५५०ए. तिच्यात १६ बाइटांचा फिफो, म्हणजे आलेले बाइट क्रमाने धरणारी रांग, आहे. ३एफए वर ०१ लिहून तोच पत्ता वाचायचा: वरची दोन्ही बिटं १ असतील तर फिफो खरा. फक्त बिट ७ एक असेल तर ती मूळची १६५५०. तिचा फिफो सदोष, वापरू नका. याच पत्त्यावर सगळीकडे सी७ लिहा म्हणतात, म्हणजे १४ बाइट साठल्यावर इंटरप्ट. माझं मत वेगळं आहे. १४ वर उरतात दोनच जागा, जेमतेम पाव मिलिसेकंदाची सवड. त्याऐवजी हेक्स ८७ लिहिलं तर ट्रिगर (इंटरप्ट देण्याची मर्यादा) ८ वर येतो, इंटरप्ट थोडे वाढतात, पण सवड पाऊण मिलिसेकंदाच्या आसपास जाते. ट्रिगरपेक्षा कमी बाइट अडकून राहिले तरी काळजी नको. चार अक्षरांएवढा वेळ शांतता राहिली की चिप टाइमआउटचा इंटरप्ट देते.

आता हँडलर. इंटरप्ट मुळीच येत नसेल तर मोडेम कंट्रोल रजिस्टरमधलं आउट२, म्हणजे बिट ३, बघा. पीसीवर इंटरप्टची तार त्याच्यातून जाते. मग इंटरप्ट हाताळणाऱ्या ८२५९ चिपच्या २१ पोर्टवरच्या मास्कमधलं (इंटरप्ट अडवणाऱ्या बिटांमधलं) बिट ४ शून्य आहे का ते.

याहून चिवट तक्रार म्हणजे 'दहा मिनिटं चालतं आणि गप्प होतं'. आयसा बसवर (जुन्या पीसीतल्या कार्डांच्या जोडणीवर) ८२५९ ला तारेची चढती कड दिसते, पातळी नाही. तुम्ही आलेला बाइट उचलत असताना ट्रान्समिटर रिकामा झाला, की चिपची तार खाली येतच नाही. तुम्ही २० पोर्टवर २० लिहून (८२५९ ला 'काम झालं' सांगून) बाहेर पडलात. तार वरच, नवी कड नाही, पुढचा इंटरप्ट कधीच नाही. म्हणून ३एफए पुन्हा पुन्हा वाचत राहायचं आणि त्याचं बिट ० एक झाल्यावरच, म्हणजे चिपचं काही बाकी नसतानाच, बाहेर पडायचं.

उचललेले बाइट ४०९६ बाइटांच्या रिंग बफरमध्ये, म्हणजे टोकाला पोचलं की पुन्हा सुरुवातीला येणाऱ्या साठ्यात, टाका. आकार दोनाचा घात असला की असं गुंडाळायला एक अँड (बिटांवरची क्रिया) पुरतो. पण हा बफर साधारण ३५५ मिलिसेकंदांत भरतो, तेव्हा तीन चतुर्थांश भरताच आरटीएस (समोरच्याला 'पाठव' सांगणारी तार) खाली ओढा, आणि तेही हँडलरमध्येच. काठोकाठ भरेपर्यंत थांबू नका. समोरच्याच्या फिफोत चढलेले बाइट त्यानंतरही येतातच. अर्थात ९ पिनांच्या केबलमध्ये ७ (आरटीएस) आणि ८ (समोरून येणारा सीटीएस) च्या तारा आडव्या जोडलेल्या असतील तरच हे चालेल. तीन तारांच्या केबलमध्ये आरटीएस कुठेच पोचत नाही.