शिशाच्या चौकटीतलं स्मारक

(पूर्वेची खिडकी. सकाळचा उजेड.)

कुलाब्याचं अफगाण चर्च. ससून डॉक मागे टाकून नेव्ही नगरकडे निघालं की झाडांवर याचा उंच मनोरा दिसतो. बंदरात शिरणाऱ्या जहाजांनाही तो खुणेचा होता.

जानेवारी 1842. काबूलहून माघार घेणारे इंग्रजी फौजेचे सुमारे 4,500 सैनिक आणि त्यांच्यासोबतची 12,000 माणसं. बर्फातून, गोळीबारातून फार थोडे वाचले. या सैनिकांत बहुसंख्य हिंदुस्थानी होते. अफगाणिस्तान आणि सिंधच्या मोहिमांत मेलेल्यांचं स्मारक म्हणून या चर्चची पायाभरणी 1847 साली झाली, 1858 मध्ये ते प्रार्थनेसाठी खुलं झालं.

(भिंतीवरचा लेख.)

अधिकाऱ्यांची नावं इथे कोरली आहेत. शिपायांची नाहीत, ती लिहिता येणार नाहीत इतकी जास्त आहेत, असं हा लेखच सांगतो. त्यांच्या वाट्याला आली ती ही वास्तू, आणि खिडक्यांच्या या रंगीत काचा.

(काच, अगदी जवळून.)

काचा घडवल्या इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या विल्यम वेल्स यांच्या कारखान्यात. अशा कामात रंग काचेवर फासलेला नसतो, काचेतच असतो. वितळलेल्या काचेत कोबाल्ट मिसळला की निळा. तांब्याचा लाल इतका गडद, की उजेडच अडतो. म्हणून साध्या काचेवर त्याचा पातळ थर चढवतात. पिवळा येतो चांदीच्या क्षारातून. चेहऱ्याच्या रेषा, वस्त्रांच्या चुण्या तेवढ्या हाताने रंगवायच्या आणि भट्टीत भाजून पक्क्या करायच्या. मग एकेक तुकडा शिशाच्या खाचेत बसवायचा, सांध्यांना डाख द्यायचा, फटीत लांबी भरायची.

समुद्राची खारी हवा अशा कामाची वैरीण. आधाराच्या लोखंडी सळ्या गंजून फुगतात, शिसं थकतं, तावदानाला पोट सुटतं.

दुरुस्ती म्हणजे प्रचंड सबुरीचं काम. आधी कागद ठेवून, पेन्सिल घासून शिशाची रेघन् रेघ उमटवून घ्यायची. तुकड्यांना नंबर द्यायचे. मगच शिसं उकलायचं, कापसाच्या बोळ्याने काच पुसायची. तडकलेला तुकडा टाकायचा नाही, जोडायचा; शिपायांच्या स्मारकातला तो एक अंश आहे. हे जाणणारे कारागीर देशात मोजकेच, त्यांना काम मिळत राहायला हवं.

जिथे असे हात पोचत नाहीत, तिथे रंगवलेलं ॲक्रिलिक बसतं आणि जुनी काच भंगारात जाते.