दिवसातून चार वेळा

सकाळचे सहा. मुंबईतल्या अपंग भटक्या कुत्र्यामांजरांच्या आसऱ्यात दिवा लागतो. पहिलं काम खाणं घालायचं नाही, लघवी काढायचं असतं.

गाडीखाली येऊन कुत्र्याच्या कण्याला मार बसला की मेंदूचा निरोप मूत्राशयापर्यंत पोचत नाही. ते भरत जातं आणि जास्तीचं थेंबथेंब गळतं. बघणाऱ्याला वाटतं, होतेय की लघवी. खरं तर ती ओसंडत असते, आणि आत साचलेल्या लघवीत संसर्ग वाढत असतो.

हे हात नीट बघा. कुत्र्याला पोटाखाली गुंडाळलेली चादर देऊन उभं धरलंय. दोन्ही तळवे पोटाच्या दोन बाजूंना, बरगड्यांच्या मागे. तिथून मागे सरकत गेलं की मांड्यांच्या जरा पुढे पाणी भरलेल्या फुग्यासारखं हाताला लागतं. बोटं रुतवायची नाहीत. सपाट तळव्यांनी दाब सावकाश वाढवायचा आणि धार सुरू झाली की तेवढाच धरून ठेवायचा. धार थांबली की हात सैल सोडायचा, अर्धा मिनिट जाऊ द्यायचं आणि पुन्हा एकदा. कुत्र्याने पोट आवळून धरलं असेल तर जोर करायचा नाही, कारण तट्ट भरलेलं मूत्राशय फुटू शकतं. मार कण्याच्या वरच्या भागात असेल तर मूत्राशयाच्या तोंडाची झडप घट्ट राहते आणि काढायला वेळ लागतो. अगदी खाली, कमरेशी असेल तर ती सैल पडते आणि दिवसभर गळत राहतं. दोन्ही प्रकारांचा हात वेगळा, म्हणून पहिले काही दिवस पशुवैद्य शेजारी उभा हवा.

सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री अकरा. प्रत्येक वेळी वहीत नोंद: किती आली, रंग कसा, वास कसा. गढूळ, लालसर किंवा उग्र वासाची दिसली तर नमुना तपासायला जातो. अंदाजाने अँटिबायोटिक सुरू केलं तर पुढच्या वेळी तेच औषध लागू पडेनासं होऊ शकतं.

आता हिशोब मांडू. चार वेळची लघवी, प्रत्येकी दहा मिनिटं. धुणं-पुसणं आणि अंथरूण बदलणं वीस मिनिटं. मागच्या पायांना सायकल चालवल्यासारखा हलका व्यायाम, दोनदा दहा मिनिटं. ड्रेसिंग असेल तर आणखी पंधरा. एका कुत्र्यामागे दीड तास सहज जातो. आठ तासांच्या पाळीत एका माणसाला पाच कुत्री जेमतेम जमतील, आणि त्यात स्वयंपाक, लादी धुणं, औषधं आणणं धरलेलंच नाही. म्हणजे खरा आकडा चार. जागा कितीही मोठी असो, पाचव्या कुत्र्याला गेटवर नाही म्हणता आलं नाही तर आतल्या चौघांचं दुपारचं बारा वाजताचं काम दोनवर जातं. आठवड्याभरात एकाच्या लघवीत रक्त दिसतं.

नाही म्हणणं या शहरात फार जड जातं. १८३२ साली कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारायची मोहीम चालवली तेव्हा मुंबईत दंगल उसळली होती. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, भुलेश्वरचा पांजरापोळ उभा राहिला, जमशेटजी जीजीभाईंच्या पुढाकाराने. परळला प्राण्यांचं मोठं रुग्णालय आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं आहे. जखमी प्राण्यावर उपचार करणारी दारं आहेत. अडचण उपचार संपल्यावर सुरू होते. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण झालेलं भटकं कुत्रं सहसा जिथून उचललं तिथेच सोडायचं असतं. पण मागचे पाय ओढत चालणाऱ्याला कुठल्या फुटपाथवर सोडणार?

त्याची झोपायची जागा आधी बघू. हाडं जिथे वर येतात, म्हणजे कुल्हा, कोपर, मागची टाच, तिथे बेडसोर होतो. सुरुवातीला केस विरळ होतात आणि कातडी लाल दिसते. याच टप्प्यावर कूस बदलणं आणि जागा कोरडी ठेवणं पुरतं. खड्डा पडला की महिनोन्महिने जातात. फोमच्या गादीवर रेक्झिन घातलं तर लघवी वरच साचते आणि कुत्रा तिच्यात लोळतो. त्यापेक्षा पीव्हीसी पाइपची चौकट आणि तिच्यावर ताणून बसवलेली नायलॉनची जाळी बरी. लघवी खाली जाते, वारा खालून लागतो, जाळी धुतली की तासाभरात वाळते. मात्र सगळं वजन जाळीवर एकाच जागी येतं, म्हणून वर पातळ सुती चादर हवी आणि तीन तासांनी कूस बदलायची. डायपर फक्त गाडीने दवाखान्यात नेण्यापुरता. दिवसभर बांधून ठेवला तर आतली कातडी भाजल्यासारखी सोलवटते.

मागचं धड पेलणारी चाकाची गाडी घरीही करता येते. पाऊण इंची पीव्हीसी पाइप, एल्बो आणि टी हे पाइपचे जोड, आणि दोन चाकं. मापं तीन: कमरेची रुंदी अधिक एक इंच, जमिनीपासून जांघेपर्यंतची उंची, पुढच्या पायाच्या काखेपासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी. चाकं लहान घेतली तर पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकतात, म्हणून आठ इंचांहून मोठी. खरी गोम आसाची, म्हणजे चाकांच्या दांड्याची. आस कुल्ह्याच्या रेषेत किंवा किंचित पुढे हवा. मागे गेला की सगळा भार खांद्यांवर येतो आणि कुत्रा चार पावलांत बसकण मारायला बघतो. म्हणून सांधे आधी नुसते घट्ट बसवून चालवून बघायचं, पाइप चिकटवायचं सॉल्व्हंट नंतर लावायचं. सुरुवातीला पाच मिनिटं, मग वाढवत वीस-पंचवीस. गाडीत त्याला आडवं होता येत नाही, त्यामुळे नजर हटवून चालत नाही. उतरवल्यावर दर वेळी जांघ तपासायची.

आंधळ्या कुत्र्यांचं सोपं असतं. भांडी आणि अंथरूण रोज एकाच जागी, हात लावण्याआधी आवाज द्यायचा. बाकी सगळं ती नाकाने निभावतात.

मांजरांची खोली वेगळी. धडपडत, डुलत चालणारं हे पिल्लू आजारी नाही. आईला गरभारपणी पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांचा पार्व्हो विषाणूचा आजार, झाला तर पिल्लांचा तोल सांभाळणारा लहान मेंदू अपुरा वाढू शकतो. हे वयाबरोबर वाढत नाही, दुखतही नाही. त्याला खरखरीत लादी, जड वाडगा आणि टेकायला उंच भिंतीचा, माती भरलेला शी-शूचा ट्रे पुरतो. ल्युकेमियाचा विषाणू असलेल्या मांजरांची भांडीसुद्धा वेगळी, कारण तो लाळेतून जातो.

इथे एक चूक घरोघरी होते, ती म्हणजे फिनेल. त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, आणि पंजे चाटताना ती थेट पोटात जातात. लादी आधी साबणाच्या पाण्याने धुवायची. मग ५ टक्क्यांच्या ब्लीचचा १ भाग आणि पाण्याचे ३२ भाग, १० मिनिटं ओलं ठेवून स्वच्छ पाण्याने काढायचं. मळावर ब्लीच चालत नाही, लघवीवर ओतलं तर डोळे झोंबणारा विषारी वायू सुटतो. पार्व्होचा विषाणू जमिनीवर अनेक महिने टिकतो, म्हणून ही धुलाई चुकवून चालत नाही.

जूनच्या आधी सगळ्या कुत्र्यांची लेप्टोची लस पूर्ण हवी. लेप्टो लघवीतून पसरतो आणि इथे दिवसभर हात लघवीतच असतात. त्यामुळे हातमोजे आणि गमबूट वर्षभर. पावसाळ्यात चादरी वाळत नाहीत, तेव्हा दुप्पट संच आणि एक ड्रायर लागतो. ओल्या जखमेवर माशी बसली की दिवसाभरात अळ्या. टर्पेंटाइन ओतायची जुनी सवय सोडावी, जिवंत मांस भाजतं. अळ्या चिमट्याने वेचायच्या, जखम सलाइनने धुवायची, औषध डॉक्टर देतील ते.

प्रत्येक कामगाराला रेबीजची लस आधीच द्यायची. चावलं तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, आणि आधी लस झालेली असली तरी त्या दिवशी आणि त्यानंतर तीन दिवसांनी डोस घ्यायचा. कुणी जखमी घार किंवा पोपट आणून दिला तर ठेवून घेता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते संरक्षित आहेत, वनविभागाला कळवावं लागतं.

रात्रीचे अकरा. चौथी वेळ. वहीतल्या तीन ओळी भरल्या जातात: खाल्लं का, शेपटी हलवली का, कूस बदलताना कण्हला का. सलग काही दिवस खाणं बंद आणि कण्हणं सुरू, औषधानेही थांबत नाही, असं दिसलं की ही वही पशुवैद्यासमोर ठेवली जाते. कायमच्या झोपेचं इंजेक्शन द्यायचं की नाही, ते तिथे ठरतं.

जाळीवर कोरडी चादर पसरली जाते. पंखा दोनवर. सकाळचे सहा वाजायला सात तास आहेत.