बाईंनाही ठाऊक नसलेलं उत्तर

(दृश्य: सकाळ. कौलारू शाळा, मागे सुरूचं बन. प्रार्थना संपतेय.)

देवगड तालुक्यातलं किनाऱ्यालगतचं एक गाव आणि तिथली जिल्हा परिषदेची मराठी शाळा. पट विसाच्या आत, वर्ग पाच, शिक्षक दोन. शाळा भरायच्या आधीच शहराकडे जाणारी पिवळी गाडी येऊन गेली. याच वाडीतली काही मुलं त्या गाडीने इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. आईबापांना कारण विचारलं की सगळीकडे एकच उत्तर मिळतं, "पोरांका इंग्लिश येवक व्हया."

त्यांचं काही चुकत नाही. या किनाऱ्यावरच्या बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी मुंबईला असतं, आणि इंग्रजी न आल्याने काय काय अडतं, हे त्याने घरी सांगितलेलं असतं. पण इंग्रजी येतं कसं? आम्ही कॅमेरा घेऊन या शाळेत आलो ते एवढं पाहायला.

(दृश्य: वर्ग. बाईंच्या हातात पेन.)

"व्हॉट इज धिस?"
"धिस इज अ पेन!"

सगळा वर्ग एका सुरात. आवाज खणखणीत. हे तुम्ही-आम्ही सगळ्यांनी म्हटलंय. १९५०नंतर भारतभर वाक्यरचनांवर आधारलेली पद्धत रुजली: एक साचा घ्यायचा, त्यात शब्द बदलत राहायचे आणि जिभेला वळण लागेपर्यंत घोकायचं. ती टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. लाजऱ्या मुलाला समूहाच्या आवाजाचा आडोसा मिळतो, आणि एकट्याने न निघणारा शब्द सगळ्यांबरोबर निघून जातो.

पण या प्रश्नाकडे जरा नीट बघा. हातात पेन आहे हे बाईंना दिसतंय, मुलांनाही दिसतंय, आणि मुलांना ते दिसतंय हेही बाईंना ठाऊक आहे. घरी असं कोण विचारतं? आई विचारते, "दप्तर खंय ठेवलंस?" कारण तिला ते खरंच सापडलेलं नसतं.

मी अशाच एका शाळेत शिकलो. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. पहिलीपासून आलं ते २००० साली. गायीवरचा निबंध मला तोंडपाठ होता, गुणही बरे पडायचे. पुढे मुंबईत एका कचेरीत खिडकीपलीकडच्या माणसाने विचारलं, "व्हेअर आर यू फ्रॉम?" शब्द न् शब्द कळला, पण उत्तर फुटेना. दहा वर्षांत इंग्रजीतून मला असं कुणी काही विचारलंच नव्हतं, की ज्याचं उत्तर माझ्याकडे आहे आणि विचारणाऱ्याकडे नाही.

(दृश्य: फळ्यावर दोन वाक्यं, एकाखाली एक.)

बाईंनी फळ्यावर लिहिलंय, "आंबा झाडावर आहे." खाली, "द मँगो इज ऑन द ट्री." मुलं बोटाने दाखवतायत, आपला 'वर' कुठे आणि इंग्रजीतला 'ऑन' कुठे. आपल्याकडे आधी झाड येतं आणि 'वर' त्याला मागून चिकटतो. इंग्रजीत 'ऑन' पुढे, झाड मागे. आपलं 'आहे' शेवटाला, त्यांचं 'इज' मधे. आणि तो 'द'? त्याला मराठीत जोडीदारच नाही, म्हणून तो सगळ्यात जास्त गळतो. पाच मिनिटांचं काम, पण मराठी वर्गाबाहेर ठेवली असती तर अर्धा तास गेला असता.

इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द नको, असं पुष्कळ ठिकाणी बजावलं जातं. ही कल्पना युरोपातल्या प्रत्यक्ष पद्धतीतून आली. केवळ भाषांतरावर चाललेल्या शिकवण्याला कंटाळून शिक्षकांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती उचलून धरली. आपल्याकडेही भाषांतराचा मोठा जमाना होऊन गेला. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर कित्येक पिढ्यांचं इंग्रजी उभं राहिलं. नुसत्या भाषांतराने बोलणं येत नाही, हे खरं. म्हणून मराठीलाच दाराबाहेर उभं करायचं, हे मला पटत नाही. याच तालुक्यातल्या पोंभुर्ल्यात जन्मलेल्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केलं, तेव्हा एकाच पानावर एका स्तंभात मराठी आणि शेजारी इंग्रजी छापली. दोन्ही भाषा एकमेकींना खेटून बसल्या होत्या.

(दृश्य: एका मुलीच्या हातात छोटा आरसा. ओठांचं जवळून चित्रण.)

आपला 'व' इंग्रजीतल्या दोन आवाजांच्या मधला आहे. 'व्हॅन' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. 'वॉटर' म्हणताना दातांचा संबंध नाही, ओठ शीळ घालायला करतो तसे गोल. ही मुलगी आरशात बघते, दात टेकवते, सोडते, पुन्हा टेकवते. तिला कुणी नियम सांगितलेला नाही. आरसा सांगतोय.

(दृश्य: व्हरांडा. दोन मुलं पाठीला पाठ लावून.)

आता आजच्या दिवसातला माझा आवडता भाग. एका मुलाच्या हातात बंदराचं चित्र आहे: जेटी, होड्या, माड, बर्फाचा कारखाना. त्याच्या पाठीमागे बसलेल्या मुलीकडे कोरा कागद आणि पेन्सिल. तिने विचारायचं, त्याने सांगायचं आणि तिने काढायचं. मागे वळून बघायची सोय नाही.

"व्हेअर इज द बोट?"
"निअर... निअर द ट्री."
"हाऊ मेनी बोट?"
"थ्री. वन बिग. टू... टू बारीक."

'स्मॉल' आठवला नाही, 'बारीक' आला आणि काम झालं. बाई थांबवत नाहीत. मुलगी एक मोठी आणि दोन छोट्या होड्या काढते, मग थबकते. होड्या पाण्यात की वाळूत? हे त्याने सांगितलेलंच नाही. ती पेन्सिल उचलून विचार करते.

इथे घड्याळाकडे बघा.

एक. दोन. तीन. चार.

"बोट... इन वॉटर?"

हे चार सेकंद बाईंनी दिले. अमेरिकेतल्या मेरी बड रो या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक १९७०च्या आसपास वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकत होत्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदही थांबत नाहीत, असं त्यांना आढळलं. तोच थांबा तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागतात. परक्या भाषेत तर मुलाला आधी प्रश्न समजून घ्यायचा असतो, मग शब्द शोधायचा, मग तो जुळवायचा. आपण मात्र पटकन म्हणतो, "चल, दुसरं कोण सांगतंय?"

(दृश्य: जमिनीवर पसरलेलं रेल्वेचं वेळापत्रक. भोवती मुलं.)

१९७९ ते १९८४ या काळात इंग्रजी शिकवण्याचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या काही साध्या शाळांत एक प्रयोग केला. तो बंगलोर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. व्याकरणाचे धडे नाहीत, साचे घोकणं नाही. मुलांसमोर नकाशा किंवा वेळापत्रक ठेवायचं आणि डोकं चालवायला लावणारं एक काम द्यायचं. मुलाचं लक्ष अर्थावर असलं की भाषेची घडण त्याच्याही नकळत आत मुरते, असा त्यांचा विश्वास होता. जगभर शिक्षकांच्या प्रशिक्षणात आज या प्रकल्पाचा दाखला दिला जातो, आणि मोठी यंत्रं नसलेल्या, आपल्यासारख्याच वर्गांतून तो उभा राहिला, याचा मला अभिमान वाटतो.

इथल्या बाईंनी कोकण रेल्वे घेतली.

"अंकल इज इन मुंबई. ही फिनिशेस वर्क अॅट सेव्हन इन द इव्हिनिंग. ही वॉन्ट्स टू कम टुडे. व्हिच ट्रेन?"

कुजबुज चालते. अर्थातच मालवणीत. चालू द्या, विचार मालवणीत होऊन इंग्रजीत बाहेर पडणार असेल तर त्यात वाईट काय?

"कोकणकन्या!"
"व्हाय?"
"बिकॉज... मांडवी गो मॉर्निंग."
"येस. मांडवी गोज इन द मॉर्निंग."

बाईंनी 'चूक' हा शब्द उच्चारला नाही. त्याचंच वाक्य नीट करून त्याला परत दिलं आणि पुढे गेल्या. त्या मुलाने ते 'गोज' उचललं की नाही, ते आमच्या कॅमेऱ्यात दिसत नाही. एकदा ऐकून उचललं जात नाहीच. पण त्याने 'बिकॉज' म्हटलं, कारण त्याला खरंच कारण सांगायचं होतं.

अशा शाळांची चर्चा होते ती बहुधा कमी पटामुळे. वीसपेक्षा कमी मुलं असलेल्या शाळा चालवायच्या की जवळच्या शाळेत मिसळायच्या, यावर राज्यात अनेकदा वाद झाले. खर्चाचा हिशोब मला कळतो. पण भाषेच्या शिक्षकाला विचारा. साठ मुलांच्या वर्गात एका मुलाच्या वाट्याला मिनिटभरही येत नाही. इथे आज प्रत्येक मूल इंग्रजीत बोललं. तेही पाठ केलेलं नव्हे.

(दृश्य: दुपार कलती. किनारा. रापण ओढली जातेय.)

शाळा सुटायच्या आधी बाई मुलांना किनाऱ्यावर घेऊन आल्या. रापण लागलीय. होडीने जाळं अर्धगोल टाकून दोर किनाऱ्यावर आणलाय, आणि दोन्ही बाजूंनी माणसं पाय रोवून ओढतायत. दुपारी चित्र काढणारी ती मुलगी बाईंचा पदर ओढते.

"बाई, रापण... व्हॉट इज रापण इन इंग्लिश?"

बाई जाळ्याकडे बघतात, मग तिच्याकडे.

"आय डोन्ट नो. यू टेल मी. व्हॉट इज रापण?"

मुलगी गप्प होते. बाई थांबतात. लाट येऊन परत जाते.

"इट इज... बिग नेट. व्हेरी बिग. बोट गो इन वॉटर अँड कम. मेनी मेन पुल." ती स्वतःच्या हातांनी दोर ओढून दाखवते. "माय आजोबा ऑल्सो पुल. देअर!"

"व्हिच वन?" बाई विचारतात. त्यांना खरंच माहीत नसतं.

"रेड टोपी," ती म्हणते, आणि आजोबांकडे पळत सुटते.